मुंबईकर उद्धट, मग आपण कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात आमच्याच जिल्ह्यातल्या एका भाऊंचं पत्र आलं होतं. मुंबईला लग्नाला गेले, दादरच्या पुलावर धक्का लागून पडले, कोणी हात दिला नाही. टॅक्सीवाल्यानं यायला नकार दिला. एका बाईला पत्ता विचारला तर तिनं न थांबता नुसता हात दाखवला. माणुसकी पाहायची असेल तर खेड्यात या, असं त्यांनी शेवटी लिहिलं. आमच्या गावात ते पत्र पारावर मोठ्यानं वाचलं गेलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी काही डोलली नाही, म्हणून हा कागद.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची निवृत्त अंगणवाडी सेविका. मुंबई मी हौसेनं पाहिली नाही. आमच्या ह्यांना खर्र्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूचं, व्यसन. आधी तोंड उघडणं कमी झालं, मग गालात गाठ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सरचा रिपोर्ट आला, आणि आम्ही बडनेऱ्याहून अमरावती एक्स्प्रेस धरली. परळला उपचार, दादरला गाडगेबाबांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत मुक्काम. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, मग तपासण्यांच्या फेऱ्या. त्यामुळे मुंबई मी पाहिली ती हातात फाइल आणि बाजूला आजारी माणूस असताना. माणूस कसा आहे हे अशा वेळी जरा लवकर कळतं.

भाऊंचा अनुभव खोटा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर पत्ता विचारल्यावर त्या बाईनं हात दाखवला ना, तेच पुष्कळ झालं. टॅक्सीवाल्यानं नकार दिला, हे वाईटच. मात्र जो कोणी शेवटी आला असेल त्यानं मीटरप्रमाणे पैसे घेतले असतील. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ऑटोचं भाडं तोंड पाहून ठरतं. पाव्हणा दिसला की वाढतं, आणि वरून 'बसा भाऊ, तुमच्याकडून काय जास्त घेणार' असं गोड बोलणं फुकट मिळतं.

धर्मशाळेपासून थोड्या अंतरावर रसाची एक गाडी असायची. ऑपरेशननंतर ह्यांचं तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, बोलणं तोंडातल्या तोंडात. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा मागे गिऱ्हाइकांची रांग होती. गाडीवाल्यानं ह्यांच्या जबड्याच्या पट्टीकडे एकदा पाहिलं. मोसंबी पिळली, रस दोनदा गाळला, बर्फ नाही, मीठ नाही, मसाला नाही. ग्लास अर्धाच भरून दिला, कारण भरलेला ग्लास तिरपा केला की सगळं अंगावर सांडतं. ते अर्धं संपेपर्यंत दुसऱ्या दोघांचं काम केलं आणि मग उरलेलं अर्धं ओतलं. आम्ही एक शब्द सांगितला नव्हता. पैसे मात्र पूर्ण घेतले, रुपया कमी नाही. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काय झालं म्हणूनही विचारलं नाही. आम्ही तिथं असेपर्यंत रोज हेच. ह्यांना त्याचं मोठं नवल. "हा मानूस बोलत काऊन नाही वं?" असं मला खुणेनं आणि अर्ध्या शब्दांनी विचारायचे.

आमच्या गावच्या स्टँडवर ही गाडी असती तर आमच्याकडून पैसे घेतलेच नसते. आजाराची सगळी हकिकत काढून घेतली असती, याच रोगानं गेलेल्या दोन नातेवाइकांची नावं सांगितली असती, आणि आपला माणूस म्हणून रसात चाट मसाला जरा जास्तच टाकला असता.

आता लोकलचं सांगते, कारण मुंबईकर उद्धट म्हणणारा प्रत्येक माणूस तिथूनच सुरुवात करतो. माझी भाची डोंबिवलीला राहते. कधी संध्याकाळी मी तिच्याकडे जायची. दादरहून कल्याणकडची फास्ट गाडी, बायकांचा डबा. आत शिरले तर बाहेर पडता येणार नाही, या भीतीनं मी दाराशीच दांडा धरून उभी राहिले. पर्स पोटावर घेतलेली एक नोकरदार बाई माझ्यावर अशी ओरडली की आमच्याकडे त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं. "ओ मावशी, दारात काय उभ्या? कुठे उतरणार?" डोंबिवली म्हटलं. "मग आत व्हा! ठाणं गेल्याशिवाय पुढे यायचं नाही!" म्हणत दंडाला धरून मला आत लोटलंच तिनं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

ठाणं गेलं तशी तीच बाई मागे न बघता म्हणाली, "चला मावशी, माझ्या पाठीला लागा. पिशवी पोटाशी घ्या, चप्पल घट्ट करा." मग मी त्या डब्याचा कारभार पाहिला. प्रत्येक बाई पुढचीच्या खांद्याला बोट लावते आणि विचारते, "डोंबिवली?" पुढची मान हलवते. नाही म्हणाली तर दोघी जागा बदलतात, ते दोन वीत जागेत कसं जमतं हे त्यांनाच ठाऊक. तिसरा शब्द कोणी बोलत नाही. गाडी थांबते अर्धा मिनिट. तेवढ्यात अख्खी रांग उतरायची असते. नवखी एक बाई चुकीच्या जागी उभी राहिली तर मागच्या दहा जणी थेट कल्याणला जाऊन पडतात, आणि त्या दहा जणींच्या घरी कुकर लागायचा असतो. चौकातला पोलीस शिटी वाजवतो तसं होतं तिचं ते ओरडणं, शिटी काही आपल्या बापाला उद्देशून नसते. डोंबिवलीला तिनं मला फलाटावर काढलं, माझ्या खांद्यावरून पदर सरळ केला आणि मी काही बोलायच्या आत जिना चढून गेली.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दिवसाला सत्तर लाखांच्या आसपास माणसं जातात-येतात. आपल्या यष्टीत खिडकीतून एक दुपट्टा टाकून चौघांची जागा धरणाऱ्यांनी तिथल्या धक्काबुक्कीला नावं ठेवावी, हे काही पटत नाही.

तिथं सगळं चांगलंच आहे, असंही नाही. डब्याडब्यात बायकांचे ग्रुप आहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू चालत्या गाडीत करतात, वाण वाटतात, परतताना मटार सोलतात, एकीच्या नातवाचं बारसं डब्याचं बारसं होतं. ऐकायला गोड आहे. पण त्या ग्रुपच्या बाकावर परकी बाई बसली तर चौघी मिळून तिला नुसत्या नजरेनं उठवतात. म्हणजे गावकी तिथंही आहेच, तिकीट काढून चालते एवढंच.

भाचीचा मुलगा एकदा मला चिडवायला म्हणाला, आजी, मुंबईला जगात उद्धटपणाचं सर्टिफिकेट मिळालेलं आहे. गोष्ट खरी. २००६ साली रीडर्स डायजेस्ट मासिकानं जगातल्या ३५ शहरांत सौजन्याची परीक्षा घेतली. न्यूयॉर्क पहिलं आलं, मुंबई शेवटची. परीक्षा तीन गोष्टींची होती. मागून येणाऱ्यासाठी दार धरता का, दुकानदार गिऱ्हाइकाला धन्यवाद म्हणतो का, आणि कोणाचे कागद खाली पडले तर उचलून देता का. कागदांचं मला मान्य आहे, पडलेलं उचलून द्यावं. बाकी दोन्हींत आमचं गाव मुंबईच्याही खाली जाईल. आमच्या किराणा दुकानाला दार नाही, फळ्या आहेत. आणि दुकानदार सामान देऊन धन्यवाद म्हणाला, तर उधारीची वही बंद झाली की काय म्हणून गिऱ्हाईक घरी जाऊन विचार करत बसेल. पुण्याचा नंबर कितवा आला असता ते मला माहीत नाही. तिथं माणसाच्या आधी पाटी बोलते म्हणतात.

या परीक्षेच्या आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तालुक्यात बहुतेक वर्षी अख्ख्या पावसाळ्यात मिळून एवढा पडत नाही. भाची तेव्हा नवीनच नोकरीला लागलेली, कुर्ल्याकडे. गाड्या बंद, फोन बंद, रस्त्यात पाणी छातीला. अनोळखी माणसं साखळी करून पुढे सरकत होती, त्यातल्या कोणीतरी तिला एका चाळीच्या जिन्यावर ओढून घेतलं. वरच्या खोलीत आधीच तिच्यासारख्या तिघी-चौघी बसल्या होत्या. घरच्या बाईनं सगळ्यांना कोरडे कपडे दिले, रात्री खिचडी, सकाळी चहा आणि पोळी. मी भाचीला विचारलं, आडनाव काय त्यांचं? म्हणाली, मावशी, विचारायचं सुचलंच नाही, आणि त्यांनीही आमचं विचारलं नाही. ती साडी अजून तिच्या कपाटात आहे. पाणी ओसरल्यावर परत द्यायला गेली तर गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसल्या.

मुंबईत माझा खरा अपमान गर्दीत झाला नाही. तो झाला एका उंच सोसायटीच्या फाटकावर. भाचीच्या ओळखीतल्या एकांनी ह्यांच्यासाठी वापरलेली व्हीलचेअर देऊ केली होती, ती आणायला मी एकटीच गेले. वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं, कोणाकडे, कशासाठी, किती वेळ, सगळं. वर फोन लावला. मग माझ्या सुती पातळाकडे आणि हातातल्या नायलॉनच्या पिशवीकडे पाहून सामानाची लिफ्ट दाखवली. शेजारची लिफ्ट रिकामी उभी होती, आत आरसासुद्धा होता. बोलता बोलता तो वॉचमन बुलढाण्याकडचाच निघाला. बिचाऱ्याला लाज वाटली, पण नियम त्याचा नव्हता. व्हीलचेअर देणारे वर मात्र फार चांगले वागले, सरबत दिलं. लिफ्टचं मी त्यांना सांगितलं नाही.

रसाच्या गाडीवर मी कोण हे कोणी विचारलं नाही, आणि काम झालं. फाटकावर आधी मी कोण ते पाहिलं, आणि मग कोणत्या वाटेनं जायचं ते ठरलं. हा फरक डोक्यात घेऊन मी गावी आले, आणि मग गाव मला पहिल्यासारखं दिसेना.

आपण बोलके आहोत, यात वाद नाही. पारावर परका माणूस उतरला की दोन मिनिटांत चहा टाकला जातो. पण चहा उकळेपर्यंत काय चालतं? "कोनाच्या घरचे पाव्हने?" "गाव कोनतं?" "आडनाव?" आडनावानं भागलं नाही तर, "म्हणजे कोनते?" या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मी आपल्या वाचकांना सांगायला नको. पूर्वी उत्तर ऐकून कप ठरायचा. हल्ली कागदी कप आले, तेव्हापासून विचारणाऱ्यांची आणि सांगणाऱ्यांची दोघांचीही सोय झाली.

दर साली हरभरा सोंगायला मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून कोरकू मजूर येतात. नवरा-बायको, लेकरं, एक गाठोडं, दोन गंज, म्हणजे पातेली. गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये नाहीतर शेताच्या धुऱ्यावर ताडपत्री बांधून राहतात. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायला शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी, ते काही रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी टाक्यांत भरून ठेवलेलं असतं. पाहुण्याला देतो ते हे गोड पाणी. मजुरांच्या बाया दिवसभर शेतात वाकून, संध्याकाळी डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन दारोदार येतात. एक गुंड पाणी मागतात. आणि आपल्या अंगणातून उत्तर जातं, "तिकडं हापशी आहे." हापशी खाऱ्या पाण्याची आहे, हे सांगणाऱ्याला माहीत असतं. आणि उत्तर देताना कोणी ओरडत नाही. शांतपणे, कधी हसूनसुद्धा देतात.

मी सेवेत असताना त्यांची लेकरं अंगणवाडीत घ्यायची. बाहेरगावाहून कामाला आलेल्यांच्या मुलांनाही आहार द्यायचा, तसा नियमच आहे, उपकार नाही. एका वर्षी तीन वर्षांची एक पोरगी वजनकाट्याच्या झोळीत बसवली. आकडा पाहून मी मदतनीसबाईंना म्हटलं, काटा शून्यावर होता का ते पुन्हा बघा. काटा बरोबर होता. ती पोरगी दुसऱ्या दिवशी खिचडी खायला बसली, तेव्हा गावातल्या दोन आया दारात येऊन उभ्या राहिल्या. अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यांच्या ताटल्या येगळ्या ठेवजा." आणि जाता जाता एकीनं विचारलं, "भाऊजीची तब्येत कशी आहे आता?" अगदी मनापासून विचारलं तिनं. मी ताटल्या वेगळ्या केल्या नाहीत. त्या दोघींची मुलं मजूर परत जाईपर्यंत अंगणवाडीत आली नाहीत. एवढी मऊ बोलणारी माणसं, आणि मला लोकलमध्ये ओरडणारी ती बाई बरी वाटली.

भाऊंना माझं एवढंच सांगणं आहे. मुंबईत तुम्ही परके म्हणून गेलात आणि गावात आपले म्हणून राहता, मग तुलना बरोबर होईल कशी? मुंबईला गेलेल्या वऱ्हाडी माणसाशेजारी आपल्या गावात आलेला मेळघाटचा माणूस उभा करा, आणि मग दोघांना विचारा, काय अनुभव आला.

मुंबईकर प्रेमळ असतो, असा माझा दावा नाही. इतक्या फेऱ्यांत तिथली एकही मैत्रीण मला झाली नाही. ज्या झाल्या त्या धर्मशाळेतल्या, बिहारच्या, बंगालच्या, जळगावच्या, माझ्यासारख्याच कोणाचं तरी तोंड नाहीतर पोट घेऊन आलेल्या. उलट ह्यांच्या ऑपरेशनला गावानं वर्गणी केली, पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी आमची पाच एकर पेरून दिली, हे मी विसरलेली नाही. मी उद्या रस्त्यात पडले तर उचलायला दहा जण धावतील. ते मला ओळखतात म्हणून धावतील.

गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातले, शेंडगावचे. १८७६ चा जन्म. १९५६ साली वलगावजवळ गेले, आमची अमरावतीची यष्टी रोज वलगावावरून जाते. जयंतीला आमच्याकडे सगळे पुढारी हातात खराटा घेऊन फोटो काढतात. पण बाबांनी लोकांकडून पैसा गोळा करून बांधल्या त्या धर्मशाळा, पंढरपूर, नाशिक, आळंदी, जिथं ओळख नसलेला माणूस येऊन पडतो तिथं. खराटा हातात घ्यायला सोपा आहे.

संक्रांत होऊन गेली, आता हरभऱ्याला मजूर येतील. ज्या टिनाच्या शेडमध्ये ते उतरतात त्याच्या बाजूनंच नळाची पाइपलाइन गेली आहे. तिथं एक तोटी बसवावी, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला. प्लंबरचा आणि सामानाचा खर्च माझ्याकडून, असंही त्यात लिहिलं. सभेत एकानं विचारलं, "ते कुठं आपल्या गावचे व्हय?" अर्ज पुढच्या सभेवर गेला. भाऊंचं गाव आमच्यापासून फार लांब नाही, त्यांच्या शिवारातही मजूर येतच असतील. त्यांच्या गावात अशी तोटी बसवली असेल, तर ठराव कसा मांडला आणि कोणत्या निधीतून केला, हे त्यांनी याच सदरात लिहावं. पुढची सभा महिनाअखेरीस आहे, मला कात्रण दाखवता येईल.

नाव छापू नये ही विनंती, गाव लहान आहे.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. दर्यापूर, जि. अमरावती